भीमाशंकरचे रान आणि एका खारीचे नाव

पुणे जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली ज्या ठरलेल्या ठिकाणी जातात त्यांत भीमाशंकर असतेच. एस. टी. थांबते, मुले ओळीने पायऱ्या उतरतात, दर्शन होते, वसईच्या मोहिमेनंतर आणलेली म्हणून सांगतात ती पोर्तुगीज घंटा पाहून होते, पेढे घेतले जातात आणि चारच्या आत गाडी परत निघते. ज्या रानातून ही गाडी येताना आणि जाताना धावते, त्या रानात मुलांचा पायही पडत नाही. मी स्वतः अशा तीन सहली नेल्या आहेत, त्यामुळे ही तक्रार आधी माझ्याबद्दलच आहे.

चौथ्या वेळी मात्र मी एकटाच गेलो आणि देवळामागून गुप्त भीमाशंकरकडे जाणारी पायवाट धरली. दहा मिनिटांत लाऊडस्पीकर मागे पडला. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला या डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते हे खरे. पण एरवी, गर्दीच्या त्या वाटेपासून थोडे बाजूला झाले की इथली शांतता कानांना जाणवते. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांच्या फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात की भर दुपारी जमिनीवर उन्हाचे फक्त ठिपके पडतात. नागफणीकडे जाणारी वाट, हनुमान तळ्याची वाट, खाली कोकणातून खांडसवरून गणेश घाटाने किंवा अवघड अशा शिडी घाटाने वर येणारी वाट, अशा पायवाटा या रानात फिरलेल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा कोणी पर्यटकांसाठी आखलेल्या नाहीत. त्या यात्रेकरूंच्या, गुराख्यांच्या आणि हिरडा गोळा करणाऱ्यांच्या आहेत.

वर फांदीवर खडखडाट व्हावा तसा आवाज झाला. मान वर केली तर शेकरू. पाठीवर तांबूस-तपकिरी, पोटाखाली पिवळसर, आणि अंगापेक्षा लांब असलेल्या झुपकेदार शेपटीचे टोक फिकट. माझ्या मागून डोक्यावर पोते घेतलेले एक वयस्कर गृहस्थ येत होते, तेही थांबले.

‘‘शेकरू बघताय व्हय, गुरुजी?’’ मी शिक्षक हे त्यांनी कशावरून ओळखले कोण जाणे. बहुधा हातातल्या वहीवरून.

‘‘हो बाबा. तुम्ही याला शेकरूच म्हणता ना?’’

‘‘आमी शेकरूच म्हनतो, आमचा आजाबी शेकरूच म्हनायचा. तिकडं पाटीवर सायबाचं नाव लिवलंय म्हनं त्याला.’’

पाटीवर लिहिले होते ते शास्त्रीय नाव: रॅटुफा इंडिका एल्फिन्स्टोनी. साहेबाचे नाव, हे अगदी बरोबर. पुणे दरबारात रेसिडेंट असलेला आणि पेशवाई बुडाल्यावर १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. आता हा गव्हर्नर या खारीच्या शेपटीला कसा लटकला, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. कारण तिच्यात या रानाचा दोनशे वर्षांचा इतिहास गुंतलेला आहे.

एल्फिन्स्टनने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक दख्खनचा ‘सांख्यिकी वृत्तांतकार’ म्हणून केली. नाव भारदस्त, काम मात्र सरळ होते: नव्याने हाती आलेल्या मुलुखात काय काय आहे ते मोजायचे. माणसे किती, नांगर किती, जमीन कोणत्या जातीची, पाऊस किती, पिके कोणती, बाजारात दर काय. राज्य चालवायचे आणि सारा ठरवायचा तर हे कळायला हवे. १८२९ च्या अखेरीस खर्च कमी करण्यासाठी सरकारने हे पदच रद्द केले. साइक्सने मात्र रजा काढून काम पुढे चालू ठेवले आणि १८३१ च्या सुरुवातीला ते संपवूनच तो मायदेशी गेला.

मोजायची सवय एकदा लागली की ती साऱ्यापाशी थांबत नाही. साइक्स वायुभारमापक आणि तापमापक घेऊन घाटमाथ्यावर हिंडला. दख्खनच्या हवेचा दाब दिवसातून दोनदा कसा चढतो-उतरतो यावर त्याने निबंध लिहिला. डोंगरांची उंची मोजण्यासाठी तो एक साधी युक्ती वापरत असे. पाणी उकळायचे आणि ते किती अंशाला उकळते ते पाहायचे. उंची सुमारे ३०० मीटर वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंश सेल्सिअसने उतरतो. भीमाशंकरला पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळायला हवे, पुण्यात ९८ च्या. (सहलीत चहा होतोच, सोबत एक चांगला तापमापक नेला तर मुलांना साइक्सचे काम पंधरा मिनिटांत करून पाहता येईल. शाळेतल्या तापमापकातली चूकच एखाद्या अंशाची असते, हेही त्याच वेळी कळेल. म्हणून दोन्ही ठिकाणी तोच तापमापक वापरायचा.)

आणि त्याने प्राणी-पक्षी गोळा केले. गोळा केले म्हणजे मारले. त्या काळात बंदूक हे निसर्ग-अभ्यासकाचे पहिले साधन होते. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी ठेवली, १८३२ मध्ये पक्ष्यांची. आपल्या रानकुत्र्याला त्याने ‘कॅनिस दुखुनेन्सिस’ असे नाव दिले आणि मराठे त्याला ‘कोळसून’ म्हणतात हेही नोंदवून ठेवले. ही त्याची सवय मला फार मोलाची वाटते. शास्त्रीय नावाशेजारी स्थानिक नाव लिहिणारा माणूस निदान कोणाला तरी विचारून लिहितो. घाटमाथ्याच्या दाट रानातली ही मोठी खारही त्याच यादीत आली, आणि तिला त्याने आपल्या माजी गव्हर्नरचे नाव दिले. ज्याने नोकरी दिली त्याचे ऋण अशा रीतीने फिटले. एल्फिन्स्टन तोवर निवृत्त होऊन इंग्लंडला गेलेला होता, म्हणजे निव्वळ खुशामत म्हणता येत नाही.

साइक्स पुढे १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकीही तो एक होता. पण आपल्या गोष्टीत त्याचे काम इथेच संपते. त्याने रानात काय आहे ते लिहिले. ते रान राहील की नाही, हा प्रश्न त्याच्यानंतरच्या माणसाला पडला.

हा दुसरा माणूस म्हणजे डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन. हा स्कॉटलंडचा, कंपनीच्या नोकरीतला शल्यवैद्य. देवी टोचण्याच्या कामावर असताना तो खेड्यापाड्यांतून हिंडला आणि मराठी शिकला. पुढे पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी वनस्पतिबाग त्याच्याकडे आली, आणि जुन्नरजवळ हिवरे येथेही औषधी वनस्पतींची बाग त्याने चालवली. म्हणजे भीमाशंकरचा डोंगर त्याच्या परसातलाच म्हणायचा. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याने त्याला पहिला वनसंरक्षक नेमले. मद्रास इलाख्यात असे पद १८५६ मध्ये आले आणि सबंध हिंदुस्थानासाठी महानिरीक्षक नेमला गेला तो १८६४ मध्ये. यावरून गिब्सन किती आधीचा ते ध्यानात येईल.

सरकारला जंगल राखावेसे वाटले ते मुख्यतः सागासाठी. मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली जात होती आणि चांगला साग दुर्मिळ होत चालला होता. गिब्सनचे म्हणणे मात्र याहून वेगळे होते. कोकणात लोकांशी बोलताना त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत होते की डोंगर उघडे झाल्यापासून झरे आटले. त्याने हे सरकारला लिहून कळवले आणि झाडे गेली की पाणी जाते, शेती बुडते, असा इशारा दिला. त्या काळात हम्बोल्ट आणि बूसिंगो यांच्या लिखाणामुळे युरोपातही याच विषयाची चर्चा चालू होती. म्हणजे कोकणातल्या शेतकऱ्याचे निरीक्षण आणि युरोपातला सिद्धान्त एका डॉक्टरच्या कागदावर एकत्र आले.

गिब्सनचे म्हणणे बरोबर होते का? वर्गात आपण ‘झाडे पाऊस आणतात’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होतो. खरी परिस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. भीमाशंकरला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तो मुख्यतः समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला आडवे येऊन वर चढतात म्हणून. झाडे तोडली तरी सह्याद्री आडवा राहणारच. शिवाय झाडे स्वतः पाणी पितात आणि पानांतून हवेत सोडतात. त्यामुळे जंगलातून वर्षभरात वाहून येणारे एकूण पाणी उघड्या डोंगरापेक्षा कमीही भरू शकते. फरक पडतो तो पाणी केव्हा मिळते यात. पालापाचोळा, मुळांची जाळी आणि गांडुळांनी भुसभुशीत केलेली माती यांमुळे पाऊस जमिनीत मुरतो, खालच्या जांभ्यातून आणि बेसाल्टच्या भेगांतून हळूहळू उतरतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये झऱ्यावाटे बाहेर येतो. माती धुपून गेली की तेच पाणी आषाढात गढूळ होऊन धावत सुटते आणि उन्हाळ्यात झरा कोरडा पडतो. तेव्हा पावसाबद्दल नसला तरी झऱ्यांबद्दल गिब्सन, आणि त्याला हे सांगणारे कोकणी शेतकरी, बरोबर होते.

पण याच विचाराची दुसरी बाजू पुढच्या पन्नास वर्षांत दिसली. जंगल राखायचे म्हणजे कोणापासून राखायचे? गोदी, आगगाडी आणि शहराचा कोळसा यांची भूक मोठी होती, पण ती भूक सरकारची आणि व्यापाऱ्यांची. दोष देणे सोपे होते ते डोंगरातल्या माणसाला. १८७८ च्या वन कायद्याने मोठमोठी राने ‘राखीव’ झाली, आणि त्यांच्या पोटात व कडेला राहणारे महादेव कोळी, ठाकर, कातकरी आपल्याच रानात गुन्हेगार ठरू लागले. या डोंगरांत आधीच धुमसत होते; राघोजी भांगरे यांना ठाण्यात फाशी दिल्याला, १८४८ पासून धरले तर, तीस वर्षेच झाली होती.

वादाचा सर्वांत मोठा मुद्दा होता राब. कोकणात आणि घाटमाथ्यावर भाताचे रोप तयार करण्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून वाळवतात, वाफ्यावर शेण-माती-पाल्याबरोबर थर देतात आणि पावसाआधी जाळतात. साहेबाच्या नजरेला ही नुसती नासाडी दिसली. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र त्या आगीने तणाचे बी मरते, किडे मरतात, राखेतून रोपाला खत मिळते आणि पहिल्या पावसात रोप जोमाने वर येते. राबाशिवाय रोप नाही आणि रोपाशिवाय भात नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्यांतल्या ठाणे जिल्ह्याची हद्द थेट भीमाशंकरच्या कड्याच्या पायथ्याला येऊन भिडत होती.

मग इतक्या सगळ्या गोदी-रेल्वे-कोळसा-राबातून हे रान वाचले कसे? एक उत्तर सगळेच देतात: देवाचे रान म्हणून. ते अर्धे खरे आहे. देवळाभोवती देवराई होती, आणि आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यात गावोगावी लहानमोठ्या देवराया आजही सापडतात. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा देवराया पायी हिंडून पाहिल्या, आणि १९७६ मध्ये त्यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या भटकंतीत रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळच्या गाणी या गावची गोष्ट त्यांच्यासमोर आली. तिथली देवराई तोडायचे ठरले होते आणि गावकरी ती वाचवण्यासाठी मदत मागत होते. देवीचा कोप हे कारण असेल असे कोणालाही वाटेल. पण गावकऱ्यांनी सांगितलेले कारण असे होते की गावाला पाणी देणारा ओढा त्या राईतून निघतो आणि राई गेली तर तो आटेल. गिब्सनला सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणात जे सांगितले गेले होते, तेच.

उरलेले अर्धे उत्तर दगडात आहे. कोकणाच्या बाजूला सरळ तुटलेला कडा आहे. तिथून ओंडके उतरवणे कोणत्याही ठेकेदाराला परवडले नसते. शिवाय इथल्या अंजनी-जांभळीच्या रानात गोदीला हवा तसा साग नाही. मला तर वाटते, देवाइतकेच या रानाचे रक्षण सागाच्या अभावाने केले. श्रद्धेने राखलेली राई बाजारभाव चढला की तुटते, याची उदाहरणे वर्तक-गाडगीळांनीच पाहिली होती; कोळशाचे ठेकेदार कितीतरी देवरायांपर्यंत पोचले होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर, १९८५ मध्ये, भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले: पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत मिळून १३०.७८ चौरस किलोमीटर. शेकरूचे रक्षण हा त्यामागचा एक प्रमुख हेतू. योगायोग असा की वन आयोग नेमल्याला त्याच वर्षी शंभर वर्षे झाली होती, आणि प्रश्नही जुनाच पुन्हा उभा राहिला. हद्दीच्या आत गावे होती, शेते होती, हिरड्याचा हंगाम होता. हिरडा हे इथल्या घरांचे रोख उत्पन्न. माझ्या वाटेवर भेटलेल्या बाबांच्या पोत्यातही तोच होता. ‘‘हिरड्याचं झाड तोडायला कोन देईल गुरुजी? ती तर आमची तिजोरी,’’ ते म्हणाले. कायद्याच्या भाषेत या तिजोरीवरचा हक्क काय, याचे उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्याने द्यायला घेतले. उत्तर अजून प्रत्येक गावाला मिळालेले नाही.

शेकरूपुरते बोलायचे तर त्याला हद्दीपेक्षा फांद्या महत्त्वाच्या. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर पाच-सहा मीटरांची झेप घेत जातो, आणि काटक्या-पानांची गोल घरटी एकाच वेळी अनेक ठिकाणी बांधून ठेवतो. छत सलग असेल तरच हे जमते. रस्ता रुंद झाला आणि दोन्ही बाजूंच्या फांद्या तुटल्या, की नकाशावर एकच असलेले रान शेकरूसाठी दोन होतात. रेनी बोर्जेस यांनी १९८० च्या दशकात याच रानात शेकरू काय खातो, केव्हा खातो याचा बारकाईने अभ्यास केला. साइक्सने बंदुकीने जे केले त्याच्या पुढचे काम त्यांनी दुर्बीण आणि वही घेऊन केले.

पुढे बोर्जेस आणि हेमा सोमनाथन यांना इथेच आणखी एक आश्चर्य सापडले. वारस या झाडाची पांढरी फुले रात्री उमलतात. त्यावर वटवाघळे किंवा पतंग येत असतील असे कोणीही म्हणेल. पण परागीभवन करत होता भुंगा, लाकूड पोखरणारा काळा भुंगा, आणि तोही रात्रीचा. २००८ मध्ये त्यांनी स्वीडिश सहकाऱ्यांबरोबर दाखवून दिले की इथल्या तीन जातींच्या भुंग्यांपैकी एक दिवसा उडतो, एक चांदण्यातही उडतो, आणि झायलोकोपा ट्रँकेबारिका हा तिसरा तर चंद्र नसलेल्या रात्रीही वाट चुकत नाही. गंमत अशी की त्याचे डोळे मुळात मधमाशीच्याच घडणीचे, म्हणजे दिवसाच्या उजेडासाठीचे आहेत. आकाराने मोठे, एवढेच.

आता त्या नावाचे काय झाले ते सांगायला हवे. साइक्सच्या अगोदर, १७७७ मध्येच, एर्क्सलेबेन या जर्मन शास्त्रज्ञाने या खारीच्या जातीला ‘इंडिका’ हे नाव दिले होते, आणि त्याच्यासमोर असलेली माहिती मुंबईकडून युरोपात गेलेल्या खारीची होती. प्राणिशास्त्रात नियम असा की जुने नाव टिकते. म्हणून भीमाशंकरची आणि मुंबईकडची खार एकाच उपजातीची असे मानणारे तज्ज्ञ ‘एल्फिन्स्टोनी’ हे नाव वापरतच नाहीत. इतर काही जण वापरतात. पाटी रंगवणाऱ्याने दुसरा पक्ष घेतला आहे. हे मी बाबांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘मंजे आमचंच बरुबर व्हतं की.’’ आणि पोते सावरून पुढे निघाले.

वारस फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास फुलतो. दिवस मावळल्यावर अभयारण्यात फिरता येत नाही, त्यासाठी वन खात्याची परवानगी लागते. पण गावाच्या कडेलाही वारसाची झाडे आहेत आणि अंधार पडल्यावर त्यांच्याखाली उभे राहायला कोणाची हरकत नसते. मी उभा राहिलो होतो. भुंग्यांची गुणगुण स्पष्ट ऐकू येत होती, दिसत मात्र काही नव्हते. सहलीची गाडी केव्हाच निघून गेलेली होती.